टॉपेनिशचं हॉप संग्रहालय: वेल, काथ्या आणि खुडणारे हात

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, याकिमा खोऱ्यात, टॉपेनिश नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे 'अमेरिकन हॉप म्युझियम' आहे. बिअरला कडवटपणा आणि वास देणारी जी हॉपची वेल, तिच्या शेतीला वाहिलेलं. अमेरिकेतलं सुमारे तीन चतुर्थांश हॉप एकट्या वॉशिंग्टन राज्यात पिकतं आणि ते जवळजवळ सगळं याच खोऱ्यात, त्यामुळे संग्रहालय इथेच असावं हे बरोबरच आहे. मोठ्या शहरांतली चकचकीत संग्रहालयं पाहिलेल्यांना ते लहान वाटेल. पण शेतीतलं काही कळणारं माणूस सोबत असेल तर तिथून पाय निघत नाही.

माझ्यासोबत आई होती. ती तासगावहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिचं सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. छाटणी, विरळणी, डिपिंग, बेदाण्याची शेड, मजुरांचे हिशोब हे सगळं तिच्या हातचं. आम्ही राहतो इसाक्वाला, सिएटलजवळ. इथली दुकानं, तळी, बर्फाचे डोंगर तिनं कौतुकानं पाहिले, पण जीव काही रमेना. एक दिवस म्हणाली, "अगं, इथली माणसं खातात ते कुठंतरी पिकत असेलच की. शेत दाखव एखादं." सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. या दिवसांत याकिमात हॉपची तोडणी जोरात असते. संग्रहालयही वर्षभर उघडं नसतं, उन्हाळ्याच्या मोसमातच असतं. दोन्ही जमून आलं. "दारूच्या पिकाचं संग्रहालय कसलं?" असं ती आधी म्हणाली खरी, पण गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

इसाक्वाहून पूर्वेला निघालं की तासाभराच्या आत स्नोक्वाल्मी घाट लागतो. घाटाच्या अलीकडे सगळं हिरवंगार, ओलं, सूचिपर्णी झाडांनी भरलेलं. घाट उतरून एलन्सबर्गच्या पुढे गेलं की डोंगर बोडके होतात आणि गवत पिवळं. कॅस्केड पर्वतरांग समुद्रावरून येणारे ढग अडवते, म्हणून पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश. याकिमात वर्षाला जेमतेम 20 सेंटिमीटर पाऊस पडतो. तरी खोऱ्यात उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना सफरचंदं, चेरी, द्राक्षं आणि हॉप. डोंगरावर साठलेला बर्फ वितळतो, धरणांत अडवला जातो आणि कालव्यांनी शेतात येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारनं हाती घेतलेल्या पाटबंधारे योजनेची ही करणी. आईनं पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचाच: "पाळी कशी मिळते यांना?"

हॉपची बाग लांबूनच ओळखू येते. साडेपाच मीटर उंचीचे लाकडी खांब, वर तारांचं जाळं, आणि त्या तारांवरून सोडलेल्या दोऱ्यांवर जमिनीपासून टोकापर्यंत चढलेल्या वेली. ओळींमधून पाहिलं तर हिरव्या भिंतींची गल्ली दिसते. गाडीच्या काचा खाली केल्या आणि वास आत आला. ताज्या गवताचा, थोडा लिंबाचा, थोडा राळेचा.

टॉपेनिश हे याकामा या मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशात वसलेलं गाव. 1855 च्या तहात याकामांनी आपली फार मोठी जमीन गमावली आणि जो तुकडा उरला त्यात हे गाव येतं. पश्चिमेला माउंट ॲडम्स दिसतो. गावातल्या भिंतींवर इथल्या इतिहासाची मोठमोठी चित्रं रंगवली आहेत, अशी सत्तरहून जास्त. संग्रहालयाच्या भिंतीवरही हॉपच्या हंगामाची चित्रं आहेत.

आत एक ऐंशीच्या घरातले आजोबा बसले होते. संग्रहालय स्वयंसेवकच चालवतात. त्यांचं बालपण मॉक्सीजवळच्या हॉपच्या शेतात गेलेलं. मॉक्सी हे फ्रेंच-कॅनडियन शेतकऱ्यांनी वसवलेलं गाव, आजही हॉपसाठी नावाजलेलं. आई द्राक्षवाली आहे असं मी सांगितल्यावर त्यांनी छापील माहितीपत्रक परत ठेवून दिलं आणि आमच्यासोबतच फिरायला निघाले. पुढचे दोन तास ते इंग्रजीत बोलले, आई मराठीत, आणि मी मध्ये. काही वेळा मी सांगायच्या आधीच दोघांना एकमेकांचं कळलेलं असायचं.

सुरुवात वेलीपासून झाली. त्यांनी त्या दिवशी सकाळी तोडलेली एक अख्खी वेल तारेला टांगून ठेवली होती. हॉप ही गांजा-भांगेच्या कुळातली. नर वेल वेगळी, मादी वेगळी, आणि शेतात लावतात ती फक्त मादी, कारण फुलांत बी धरलेलं बाजारात चालत नाही. नर वेल शेतात दिसली की उपटतात. हिवाळ्यात जमिनीवरचं सगळं वाळून जातं, मुळं मात्र वीस-वीस वर्षं जगतात आणि दर वसंतात नवे कोंब फुटतात. भर हंगामात वेल एका दिवसात 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते. द्राक्षाला असतात तसे तणावे हिला नसतात. देठावर बारीक, उलटे वळलेले केस असतात. त्यांच्या जोरावर ती दोरी पकडून, तिला वेढे घालत वर जाते. आईनं देठावरून बोट उलटं फिरवलं आणि चटकन मागे घेतलं. कानशीसारखं खरखरीत होतं ते.

आजोबांनी एक फूल खुडून उभं फाडून दाखवलं. छोट्या हिरव्या पाकळ्यांची उतरंड, आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी पिवळी भुकटी, हळदीपेक्षा थोडी फिकट आणि चिकट. तिला ल्युप्युलिन म्हणतात. सगळी किंमत या भुकटीची. कडवट आम्लं यातच, सुगंधी तेलं यातच. बिअर उकळताना ही आम्लं बदलतात आणि कडवटपणा उतरतो. शिवाय बिअर आंबवून बिघडवणाऱ्या जिवाणूंना ती वाढू देत नाहीत. फ्रीज नव्हते त्या काळात हॉपला एवढं महत्त्व आलं ते मुख्यतः या गुणामुळे. बव्हेरियात 1516 साली इंगोलश्टाट इथे बिअरचा प्रसिद्ध कायदा झाला: जव, हॉप आणि पाणी, बाकी काही घालायचं नाही. इंग्लंडहून मुंबई-कोलकात्याला जहाजानं बिअर यायची तीसुद्धा भरपूर हॉप घातलेली असायची, कारण प्रवास महिनोन्महिन्यांचा आणि वाट उष्ण कटिबंधातून.

"चोळा आणि वास घ्या," आजोबा म्हणाले. आम्ही तळहातांवर फुलं चोळली. मला पपनसाच्या सालीचा वास आला. ती 'कॅस्केड' जात होती. ओरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसच्या संशोधन केंद्रात तयार झालेली, 1972 साली शेतकऱ्यांना दिलेली. आज अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांच्या बिअरला जो फळांचा वास असतो त्याची सुरुवात या जातीपासून झाली. आईनं जिभेला लावून पाहिलं आणि तोंड कडू झालं म्हणून पाणी मागितलं. हात मात्र तिनं बराच वेळ धुतले नाहीत.

आता दोरीची गोष्ट. ती मला सगळ्यात जास्त भावली. एका कोपऱ्यात तपकिरी दोऱ्यांचे जुडगे ठेवले होते. आईनं एक दोरी उचलली, पीळ उलगडला आणि माझ्याकडे पाहिलं. "हा काथ्या आहे." होताच. नारळाच्या सोडणाचा काथ्या, आपल्या कोकणात वळतात तोच. वॉशिंग्टनच्या या कोरड्या खोऱ्यात, जिथे नारळाचं झाड उगवणं शक्य नाही, तिथलं सगळं पीक काथ्यावर चढतं. काथ्या इथे मुख्यतः श्रीलंकेहून येतो, आपल्याकडूनही आलेला आहे. कारण साधं आहे: वेलीच्या केसांना धरायला खरखरीत दोरी लागते, फुलांनी लगडलेल्या वेलीचं वजन आणि वारा सोसेल इतकी ती मजबूत हवी, आणि हंगाम संपल्यावर वेलीच्या कचऱ्यासोबत कुजून खतात जायला हवी. प्लॅस्टिक हे शेवटचं काम करत नाही.

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये ट्रॅक्टरवर उंच मचाण बांधून मजूर उभे राहतात आणि वरच्या तारेला एकेक दोरी हातानं गाठ मारून बांधत जातात. खालचं टोक मुळाशी जमिनीत खोचतात. एकरी सुमारे 900 वेली आणि प्रत्येकीला दोन दोऱ्या. म्हणजे एकरात अठराशेच्या आसपास गाठी, आणि खोऱ्यात हजारो एकर. पुढे मे महिन्यात पुन्हा माणसं ओळींतून वाकून जातात, प्रत्येक दोरीजवळचे दोन-तीन जोमदार कोंब निवडून तिच्याभोवती गुंडाळतात. गुंडाळायचे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच. हॉपची वेल त्याच दिशेनं फिरते, उलटी गुंडाळली तर सुटून खाली येते. यंत्रांच्या या देशात ही दोन्ही कामं आजही हातांनीच होतात. आजोबांनी तारेवरच्या गाठीची रीत दाखवली आणि आईनं ती तिथल्या दांड्यावर मारून पाहिली. पहिल्यांदा सैल बसली. दुसऱ्या वेळी त्यांनी ओढून बघितलं आणि मान डोलावली.

पुढच्या भागात जुनी छायाचित्रं आहेत, आणि खरा इतिहास तिथे सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतलं बहुतेक हॉप पूर्वेला न्यूयॉर्क राज्यात पिकायचं. पश्चिमेकडे, आमच्या घाटाच्या ओल्या बाजूला, प्युॲलप खोऱ्यात, 1865 साली एझ्रा मीकरच्या कुटुंबानं हॉपची मुळं लावली. वीस वर्षांत मीकर एवढा श्रीमंत झाला की लोक त्याला हॉपचा राजा म्हणायचे. त्याचा माल लंडनच्या बाजारात जायचा. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला मावा नावाच्या किडीनं त्या ओल्या खोऱ्यातल्या बागा खाल्ल्या आणि मीकरचं साम्राज्य बसलं. शेती घाट ओलांडून कोरड्या याकिमात स्थिरावली. इथे ऊन भरपूर, पाणी कालव्याचं, हवा कोरडी, त्यामुळे रोग कमी. आजोबांनी 'डाऊनी' हा बुरशीच्या रोगाचा शब्द उच्चारताच आई म्हणाली, "आमच्याकडं पण तोच मेला." द्राक्षावरच्या डाऊनीचा हा भाऊबंद. 1920 च्या दशकात यानं जर्मनीतल्या बागांची अशी दैना केली की तिथल्या शेतकऱ्यांना आणि ब्रुअऱ्यांना 1926 मध्ये हॉपसाठी वेगळी संशोधन संस्था काढावी लागली.

पण छायाचित्रांत डोळ्यांत भरतात ती माणसं. हॉप खुडायचे दिवस तीनेक आठवड्यांचे. फुलं पिकली की थांबत नाहीत, रंग आणि वास दोन्ही जातात. त्या तीन आठवड्यांत एवढी माणसं आणायची कुठून, हा हॉप पिकवणाऱ्या प्रत्येक मुलखाचा जुना प्रश्न. इंग्लंडात केंटच्या शेतांवर लंडनच्या गरीब वस्त्यांतली कुटुंबं मुलाबाळांसकट यायची. इथे मूळ रहिवासी यायचे. प्युॲलपच्या काळात ब्रिटिश कोलंबिया आणि अलास्कापर्यंतच्या टोळ्या लाकडी होड्यांतून समुद्रमार्गे शेकडो मैल वल्हवत खुडणीला येत. याकिमात आसपासच्या अनेक जमाती घोड्यांवरून, गाड्यांतून येऊन शेताकडेला तंबू ठोकत. मजुरी मिळायची, पण त्यासोबत सोयरिका ठरायच्या, शर्यती व्हायच्या, नातलग भेटायचे. एका छायाचित्रातली बाई पाठीवर बाळ बांधून खुडते आहे. आई त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. तिनं विचारलेला प्रश्न मी जसाच्या तसा आजोबांना सांगितला: "मजुरी दिवसावर की अंगावर?"

अंगावरच. पेटीवर किंवा वजनावर. पेटी भरली की मुकादम चिठ्ठी द्यायचा आणि हंगाम संपला की चिठ्ठ्या मोजून पैसे. फुलं इतकी हलकी की पेटी भरता भरत नाही. त्यात पानं आली की मुकादम ओरडणार. वेलीचा चीक हातांवर काळा थर धरतो आणि देठाचे केस कोपरापर्यंत ओरखडे काढतात. आजोबा म्हणाले, "माझी आजी हात स्वच्छ निघावेत म्हणून हॉपच्या पानांनीच चोळायची. ऑक्टोबर उजाडायचा तेव्हा कुठे ते निघायचे." आईनं आपले तळहात पुढे करून दाखवले. त्यावरच्या विरळणीच्या कात्रीच्या जुन्या खुणा मी लहानपणापासून पाहत आलेय.

तिथे उभं असताना मला आमच्या इसाक्वाची आठवण झाली. आज तिथे मराठी, तेलुगू, चिनी, सगळ्या प्रकारची कुटुंबं राहतात, गणपती बसतात, ढोल वाजतो. 1885 मध्ये तिथे हॉपची शेती होती आणि त्या भागाला स्क्वॉक खोरं म्हणत. एका शेतमालकानं कमी मजुरीवर चिनी खुडणारे आणले. 7 सप्टेंबरच्या रात्री काही गोरे आणि काही मूळ रहिवासी मिळून त्यांच्या तंबूंवर चालून गेले आणि झोपलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. तिघे मेले. खटला झाला, शिक्षा कोणालाच झाली नाही. मी ही गोष्ट आईला सांगितली, कारण आम्ही रोज ज्या रस्त्यानं भाजी आणायला जातो तोच हा भाग. पुढे 1913 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हीटलंड इथे ड्यर्स्ट यांच्या हॉपच्या मळ्यावर जवळपास 2,800 माणसं खुडणीला जमली होती, त्यांत आपल्याकडचे पंजाबी मजूरही होते. उन्हाचा कडाका, पिण्याच्या पाण्याची आणि संडासाची धड सोय नाही, मजुरी पडलेली. 3 ऑगस्टला सभा भरली, पोलीस आले, गोळीबार झाला आणि चार जण ठार झाले, दोन सरकारी बाजूचे आणि दोन मजूर. अमेरिकेतल्या शेतमजुरांच्या हक्कांचा इतिहास सांगताना ही घटना टाळता येत नाही. हॉपच्या इतिहासाचा मोठा भाग मला तरी असा दिसतो: पीक कुणाचंही असो, तीन आठवड्यांसाठी लागणारी माणसं कायम दुसरीकडून आणलेली आणि हंगाम संपला की विसरलेली. त्यांचे चेहरे या छोट्या इमारतीत कुणीतरी जपून ठेवले आहेत याची मला फार किंमत वाटते.

मग यंत्र आलं. कॅलिफोर्नियातल्या हॉर्स्ट नावाच्या बड्या हॉप उत्पादकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच खुडणीचं यंत्र काढलं होतं. याकिमात ते सगळीकडे पोचलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास, माणसं मिळेनाशी झाली तेव्हा. त्याच काळात मेक्सिकोहून सरकारी करारानं मजूर येऊ लागले, आणि आज टॉपेनिशमधली बहुसंख्य वस्ती मेक्सिकन मुळांची आहे. जुन्या यंत्राचा भाग इथे पाहायला मिळतो: फिरत्या पिंपाला जोडलेली तारेची बोटं. वेल त्यांच्यामधून ओढली जाते आणि बोटं फुलं ओरबाडून घेतात. माणसाच्या बोटांची नक्कल इतकी थेट आहे की सांगावं लागत नाही.

बिअरबंदीच्या काळाचा भाग आम्ही भरभर पाहिला. 1920 ते 1933 देशात दारूबंदी होती, तरी पहिल्या महायुद्धात युरोपातल्या बागा मोडल्या होत्या म्हणून इथला माल तिकडे जायचा, एवढं लक्षात राहिलं.

शेवटी वाळवणीचा विभाग. जुन्या भट्टीतला एक खोलगट लोखंडी तवा तिथे होता. आजोबा सांगायला लागण्याच्या आधीच आई वाकली, तव्याची कड नखानं खरवडली आणि म्हणाली, "यात गंधक जाळत असणार." आजोबा पाहतच राहिले. बेदाण्याचा रंग राखायला आमच्या शेडवर गंधकाची धुरी देतात. इथे हॉपचा हिरवा-पिवळा रंग उजळ राहावा आणि बुरशी लागू नये म्हणून हीच धुरी द्यायचे. तासगाव आणि टॉपेनिशमध्ये कधी कुणी भेटलं नसेल, पण दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना हाच उपाय सुचला. तिथून पुढे आजोबा तिच्याशी बोलताना माझ्याकडे बघेनासेच झाले.

त्यांनी फोन लावला. त्यांच्या पुतण्याची शेती गावाबाहेर होती आणि भट्ट्या चालू होत्या. "वीस मिनिटं बघा, मध्ये येऊ नका," एवढ्या अटीवर परवानगी मिळाली.

शेतात आधी एक गाडी ओळीतून जाते आणि वेली बुडापासून मीटरभर उंचीवर कापते. मागून दुसरी गाडी वरच्या तारेजवळ दोरी कापते आणि अख्खी वेल काथ्यासकट ट्रकमध्ये पडते. शेडमध्ये मजूर एकेक वेल उचलून चालत्या साखळीच्या आकड्यांना उलटी टांगतात. तिथे दोन बायका आणि तीन पुरुष होते, सगळे स्पॅनिशमध्ये बोलणारे, हातमोजे हिरवे-काळे झालेले. त्यांची लय अशी होती की एकही आकडा रिकामा जात नव्हता. यंत्र फुलं आणि पानं एकत्र ओरबाडतं. मग ती वेगळी कशी करायची? तिरप्या पट्ट्यावर. पट्टा वरच्या दिशेनं फिरतो, गोल फूल गडगडत खाली येतं, चपटं पान पट्ट्याला चिकटून वर जातं आणि पलीकडे पडतं. आई हे बघताना हसली. "उतारानंच निवडलं की!"

भट्टीत जाळीच्या जमिनीवर फुलांचा गुडघ्याच्या वर येईल एवढा थर पसरलेला होता आणि खालून गरम हवा येत होती, साठ अंशांच्या आसपास. ताज्या फुलात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, ते दहा टक्क्यांच्या आत आणायचं. आठ-नऊ तास लागतात. जास्त तापवलं तर तेलं उडून जातात, कमी पडलं तर गाठोड्यात माल तापतो, कुजतो, कधी पेटही घेतो. 2006 मध्ये याकिमातलं एक गोदाम जळालं, तेव्हा देशातल्या त्या वर्षीच्या पिकाचा सुमारे चार टक्के भाग गेला. ओलावा मोजायला आता उपकरणं आहेत, पण भट्टी सांभाळणारा माणूस मुठीत फूल घेऊनच ठरवत होता. फुलाच्या मधोमध बारीक दांडी असते. ती वाकली तर अजून ओली, कट्कन मोडली तर झाली. त्यानं आईच्या हातात एक फूल दिलं. तिनं पाकळ्या चुरल्या, दांडी वाकवली. ती वाकली, मोडली नाही. "अजून दोन तास," असं तिनं मराठीत सांगितलं. मी त्याला इंग्रजीत सांगितलं. त्यानं घड्याळ पाहून दोन बोटं वर केली.

वाळलेला माल लगेच बांधत नाहीत. थंड खोलीत ढीग करून ठेवतात, म्हणजे पाकळ्या आणि दांडी यांच्यातला ओलावा सारखा होतो. मग प्रेसमध्ये दाबून, कापडात शिवून, 200 पौंडांची म्हणजे सुमारे 90 किलोंची गाठ बांधतात आणि शीतगृहात पाठवतात. पुढे बऱ्याच मालाच्या गोळ्या किंवा अर्क होतो. अमेरिका आणि जर्मनी मिळून जगातल्या हॉपचा फार मोठा वाटा पिकवतात, तेव्हा या शेडमधली गाठ कुठल्या देशात फुटेल ते सांगता यायचं नाही.

परतताना पुतण्यानं दोन गोष्टी सांगितल्या. 2021 नंतर छोट्या ब्रुअऱ्यांची वाढ मंदावली, गोदामांत माल साठला, करार कमी झाले आणि खोऱ्यातल्या बऱ्याच बागा काढल्या गेल्या. काही शेतांत नुसते खांब आणि तारा उभ्या दिसतात त्या यामुळे. दुसरी गोष्ट काथ्याची: दोरीचा आणि बांधणीच्या मजुरीचा खर्च दरवर्षी चढतोच आहे, पण बदली दोरी अजून मिळालेली नाही. आईनं विचारलं, करार आगाऊ होतात तर दर कोण ठरवतं? त्यावर दोघांचं अर्धा तास चाललं. त्यातलं निम्मं मला भाषांतरितही करता आलं नाही, कारण तासगावच्या सौद्यात रुमालाखाली बोटं धरून दर कसा ठरायचा हे आईला करून दाखवावं लागलं, आणि तिनं ते त्याच्या टोपीखाली करून दाखवलं.

कुणाला जायचं असेल तर ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जा. संग्रहालयाच्या उघडण्याच्या वेळा आधी पाहून घ्या, कारण ते थोडेच दिवस आणि थोडेच तास चालू असतं. सिएटलकडून अडीच-तीन तास लागतात. वाटेत फॉल सिटीला नदीकाठी एक जुनं हॉप वाळवण्याचं खोपट अजून उभं आहे, तिथे दहा मिनिटं थांबा, म्हणजे ओल्या बाजूचा इतिहास आधी कळतो. स्वयंसेवकांपैकी कुणी शेतकरी भेटले तर छापील माहितीच्या मागे लागू नका, त्यांनाच विचारत राहा. ही माणसं आता म्हातारी झाली आहेत. आणि लहान मुलं सोबत असतील तर फुलं चोळायला नक्की द्या, पण डोळ्यांना हात लावू देऊ नका, चुरचुरतं.

एप्रिलमध्ये दोऱ्या बांधायच्या वेळी पुन्हा या, असं आजोबांनी आईला सांगून ठेवलं आहे. तिनं व्हिसाची तारीख माझ्याकडून दोनदा विचारून घेतली.